हसू आलं म्हणून भीती गेली नाही

झोंबीपटात विनोद आला की भयाचा दर्जा उतरतो, हे मत आपल्याकडे बऱ्याच गंभीरपणे मांडलं जातं. मांडणारी माणसं उथळ नाहीत. त्यांनी चांगले भयपट पाहिलेले असतात, त्यांना जॉर्ज रोमेरो ठाऊक असतो, त्यांनी नारायण धारप वाचलेले असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मेलेलं माणूस उठून चालू लागतं ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे, आणि तिच्यात विनोद ओतणं म्हणजे दुधात पाणी घालणं. भीतीही पातळ होते, विनोदालाही चव उरत नाही. त्यात पुन्हा मरणाची टवाळी होते. आणि हे भूत तर आपलं नव्हेच, परदेशातून आणलेलं.

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न असता तर वाद घालायचं कारण नव्हतं. पण या मतामुळे एक अख्खा चित्रप्रकार वेळ घालवण्याच्या सदरात ढकलला जातो. मराठीत कुणी असा सिनेमा करायचं धाडस केलं की 'डोकं बाजूला ठेवून पाहा' असा सल्ला मिळतो. मला हा सल्ला अपमानाचा वाटतो, दिग्दर्शकाच्या आणि प्रेक्षकाच्याही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. झोंबीच्या गोष्टीत सगळ्यात मोठं भय असतं ते माणूस माणूस न उरण्याचं, आणि चांगल्या झोंबी-विनोदपटात विनोद एक काम करतो: तो माणसाला शेवटच्या क्षणापर्यंत माणूस ठेवतो. मग तो गेला की काय गेलं हे आपल्याला पुरतं ठाऊक असतं. खरी भीती तिथे वाटते.

विरोधकांचा सर्वांत बळकट आधार साहित्यशास्त्रातला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त हास्याचे दोन विरोधी रस सांगितले आहेत, भयानक आणि करुण. झोंबी-विनोदपट तर या तिघांना एकाच गोष्टीत आणतो, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने तो दोषीच. पण शास्त्राचा हवाला द्यायचा तर पुरता द्यावा. भरताने हास्याची कारणं सांगताना सुरुवात केली ती विकृत वेष आणि अलंकारांपासून. भयानकाची कारणं सांगताना सुरुवात केली ती विकृत आवाज आणि भूतपिशाचांच्या दर्शनापासून. म्हणजे दोन्ही रस नेहमीच्या रूपातल्या बिघाडातून उगवतात. चेहरा थोडा वाकडा झाला की हसू येतं, आणखी वाकडा झाला की आपण मागे सरतो. मधली रेषा नेमकी कुठे ते कुणालाच सांगता येत नाही, आणि झोंबी बरोबर त्या रेषेवर उभा असतो. शिवाय आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्योतात विरोधी रस एकत्र कसे नांदतील याची सविस्तर चर्चा केली आहे. एकाला दुसऱ्याचं अंग करा, दोघांचे आश्रय वेगळे ठेवा, किंवा मध्ये तिसरा रस आणा. विरोध मान्य करूनही त्याने वाट मोकळी ठेवली. त्याच्या लेखी हा कवीच्या कौशल्याचा प्रश्न होता.

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यानेही १९०० साली हास्यावरच्या आपल्या पुस्तकात याच ठिकाणी बोट ठेवलं. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येतं, असं त्याचं प्रतिपादन. रस्त्याने चाललेला माणूस अडखळला तरी त्याचे पाय जुन्याच लयीत पुढे जात राहतात, तोल सावरायचं भान त्यांना नसतं, आणि आपण हसतो. आता झोंबी आठवा. पाय चालतात, हात पुढे आलेले असतात, समोर भिंत असली तरी तो तिला धडकत राहतो, आणि डोळ्यांत कुणी नसतं. हे दृश्य रस्त्याच्या पलीकडून पाहिलं तर गमतीचं आहे. तोच आपल्या दाराशी आला तर रक्त गोठतं. विनोद इथे बाहेरून आणून घातलेला नाही. तो त्या चालण्यातच आहे, ज्यांना तो दिसत नाही त्यांनी फार जवळून पाहिलं एवढंच.

दुसरा आधार इतिहासाचा दिला जातो. आधी निखळ भयपट होते, मग बाजारू मंडळींनी त्यांत विनोद घुसवला, अशी ती गोष्ट. ती खरी नाही. झोंबी मूळचा हैतीचा. फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवलं. मेल्यावर तरी आत्मा पूर्वजांच्या गिनीला परत जाईल ही त्यांची आशा होती, आणि मेल्यावरही कुणीतरी उठवून पुन्हा कामाला जुंपेल हे त्यांचं भय. १९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता, आणि त्याच वर्षांत ही कल्पना अमेरिकेत पोचली. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी'मध्ये बेला लुगोसीच्या साखर कारखान्यात मेलेले मजूर चरक फिरवत असतात. त्यातला एक यंत्रात पडतो आणि बाकीचे तसेच फिरत राहतात. त्या दृश्यात विनोद नाही, नसावाही. पण अवघ्या आठ वर्षांनी, १९४० मध्ये 'द घोस्ट ब्रेकर्स' आला. त्यात बॉब होपच्या तोंडी झोंबींवरून थेट डेमोक्रॅट पक्षाला मारलेला टोला आहे. पुढच्या वर्षी 'किंग ऑफ द झोंबीज' आला. म्हणजे रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८ मध्ये येण्याआधी पाव शतक लोक झोंबीवर हसत होते.

त्या दोन सिनेमांतलं हसू मला मान्य नाही, हेही इथेच सांगतो. दोन्हींत भीतीने डोळे गरागरा फिरवणारा काळा नोकर हा विनोदाचा विषय आहे, पहिल्यात विली बेस्ट आणि दुसऱ्यात मॅन्टन मोरलँड. मोरलँड त्या सिनेमातला सर्वांत गुणी नट, आणि त्याला दिलेलं काम काय, तर घाबरायचं. गुलामगिरीतून जन्मलेली कल्पना घ्यायची आणि गुलामगिरीतून आलेल्याच माणसाच्या भीतीवर प्रेक्षकांना हसवायचं, यापेक्षा क्रूर विनोद सुचणं कठीण. विरोधकांनी बोट ठेवायचं तर इथे ठेवावं. भयात हसू असावं की नसावं यापेक्षा कोणाच्या भीतीवर, कोण, कुठे उभं राहून हसतंय हा प्रश्न फार मोठा आहे.

रोमेरोचं नाव निखळ भयाचा कैवारी म्हणून घेतलं जातं, तेव्हा त्याचाच 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) सोयीने विसरला जातो. पेनसिल्व्हेनियातल्या मनरोव्हिल मॉलमध्ये चित्रित झालेल्या या सिनेमात झोंबी सरकत्या जिन्यावर तोल जाऊन पडतात, वर मॉलचं गुळगुळीत संगीत वाजत असतं. जगताना ज्या जागेला महत्त्व होतं तिथेच मेल्यावरही त्यांचे पाय वळतात. मोटरसायकलवाल्या लुटारूंची टोळी आत घुसते आणि झोंबींच्या तोंडावर 'पाय' नावाचे केकसारखे गोड पदार्थ फेकून मारते, मूकपटातल्या धमालीसारखी. आणि काही मिनिटांतच त्या टोळीतल्या माणसांची आतडी बाहेर येतात. ते पदार्थ फेकण्याचं दृश्य काढून टाकलं असतं तर पुढचं दृश्य अधिक भयंकर झालं असतं का? मला उलटं वाटतं. हसणारी, मस्ती करणारी माणसं फाडली जाताना पाहवत नाहीत. 'नाइट'मध्ये हसू नाही आणि तो महान सिनेमा आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. विनोद सक्तीचा करा असं कोण म्हणतंय? पण तो आला की भय संपतं, हा दावा खुद्द रोमेरोनेच खोटा ठरवला आहे.

आता 'शॉन ऑफ द डेड'कडे येतो, कारण या वादाचा निकाल माझ्या मते तिथे लागतो. एडगर राइटचा हा २००४ चा सिनेमा, सायमन पेगने त्याच्याबरोबर लिहिलेला. उत्तर लंडनमधला शॉन विजेच्या उपकरणांच्या दुकानात नोकरी करतो. वय २९, प्रेयसी कंटाळून सोडून गेलेली, मित्र एड दिवसभर सोफ्यावर व्हिडिओ गेम खेळत बसलेला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीतच बसथांब्यावर आणि दुकानाच्या गल्ल्यावर माणसं एका तालात, रिकाम्या चेहऱ्याने हलताना दिसतात. साथ अजून आलेली नाही. ही रोजचीच माणसं.

मग दोन सकाळी येतात. पहिल्या सकाळी शॉन घरातून निघतो, रस्ता ओलांडतो, कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, सरबत वगैरे घेतो आणि परततो. कॅमेरा न तुटता त्याच्याबरोबर चालतो. दुसऱ्या सकाळी तोच रस्ता, तोच कॅमेरा, तेच दुकान. फरक इतकाच की रात्रीत शहर मेलं आहे. गाड्यांच्या काचा फुटल्या आहेत, दुकानातल्या फ्रिजच्या दारावर रक्ताळलेल्या पंजाचे ठसे आहेत, शॉन रक्तावरून घसरतो आणि त्याला काही कळत नाही. रस्त्यावरचा भिकारी आता झोंबी झालेला आहे, शॉन त्याला सुटे नाहीत म्हणून पुढे जातो. सगळं चित्रपटगृह हसतं. पण हे हसू कशावर आहे? आनंदवर्धनाचा वेगळ्या आश्रयाचा उपाय इथे राइटने जणू शब्दशः वापरला आहे: भय आपल्या मनात आहे आणि निवांतपणा शॉनच्या. आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही. प्रत्येक पावलाला आपण हसतो आणि प्रत्येक पावलाला 'अरे मागे बघ' असं आतून ओरडतो. त्यातली बोचरी गोष्ट वेगळीच आहे. शॉनला फरक कळत नाही कारण फरक फारसा नाही. काल त्या भिकाऱ्याकडे त्याने पाहिलं नव्हतं, आजही पाहिलं नाही. हे भय कुठल्याही किंकाळीने उभं राहिलं नसतं.

या सिनेमातलं सर्वांत मोठं दृश्य मात्र फिलिपचं आहे. फिलिप शॉनचा सावत्र बाप, बिल नायीने केलेला. शॉनला तो आवडत नाही. कुणी त्याला 'तुझे वडील' म्हटलं की शॉन लगेच 'सावत्र' अशी दुरुस्ती करतो, आणि ही दुरुस्ती सिनेमाभर चालू राहणारा विनोद आहे. फिलिपला गाडीतलं मोठ्याने लावलेलं संगीत सहन होत नाही, हा दुसरा. फिलिपला चावा बसतो. गाडीच्या मागच्या सीटवर, मरता मरता, तो शॉनला सांगतो की तुझ्यावर माझं प्रेम होतं, बाप होणं सोपं नसतं. मग मरतो, आणि उठतो. सगळे गाडीतून बाहेर पळतात. आई मागे वळते, नवऱ्याला सोडून यायला तयार नसते. शॉन तिला समजावतो की तुला आवडणारा तो माणूस आता त्या गाडीत तसूभरही उरलेला नाही. आणि त्याच क्षणी आत बसलेला झोंबी हात पुढे करून संगीत बंद करतो, आणि मागे टेकतो.

लोक हसतात. मीही हसतो, आणि दर वेळी घसा दाटतो. दूरवरून पेरत आणलेला एक क्षुल्लक विनोद इथे पुरावा होऊन उभा राहतो: माणूस उरलेला नाही म्हणता, मग हे संगीत बंद कोणी केलं? याचं उत्तर सिनेमा देत नाही. विनोद काढून टाका, म्हणजे फिलिपची ती चिडचिड, ती 'सावत्र'ची दुरुस्ती काढून टाका, मग गाडीत काय उरेल? दात विचकणारं एक प्रेत. असं प्रेत आपण शंभर सिनेमांत पाहिलं आहे आणि विसरलो आहोत.

पुढे आईची पाळी येते. पेनेलोपी विल्टनची बार्बरा ही कुणाला त्रास नको म्हणून जगलेली बाई. तिला चावा बसलेला असतो आणि ती सांगत नाही, कारण तुम्हाला उगाच काळजी नको. आतापर्यंत तिच्या या भिडस्तपणावर आपण हसत आलो आहोत. पबमध्ये ती मरते, तिला गोळी घालायची की नाही यावरून सगळे एकमेकांवर फुटक्या बाटल्या रोखतात, ते भांडणही अर्धं हास्यास्पद आहे. मग सगळे गप्प होतात आणि मुलगा आईला गोळी घालतो. या क्षणाला राइटने एकही विनोद जवळ फिरकू दिलेला नाही. कुठे हसवायचं यापेक्षा कुठे हसू थांबवायचं हे ज्याला कळतं तो दिग्दर्शक, आणि ते हसू आधी दिलेलं असल्याशिवाय थांबवता येत नाही. खुद्द रोमेरोला हा सिनेमा इतका आवडला की त्याने 'लँड ऑफ द डेड' (२००५) मध्ये पेग आणि राइट यांना झोंबी म्हणून उभं केलं.

'मरणाची टवाळी' या आक्षेपाला मी 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' पुढे करतो. डॅन ओ'बॅनन, १९८५. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात वैद्यकीय साहित्याच्या गोदामात फ्रँक नावाचा वयस्कर कामगार नवख्या पोराला फुशारकीने लष्कराचं एक पिंप दाखवतो, त्यातून वायू सुटतो आणि मेलेली माणसं उठतात. सिनेमा आरडाओरडीचा आहे, आचरट आहे. झोंबी रुग्णवाहिकेतल्या बिनतारी यंत्रावरून आणखी कर्मचारी पाठवा म्हणून सांगतात, तेव्हा हसू आवरत नाही. पण प्रेतागारात टेबलाला बांधलेलं एका बाईचं अर्धं प्रेत आहे, कमरेखाली फक्त पाठीचा कणा. तिला विचारतात, तुम्ही मेंदू का खाता? ती सांगते की मेलेलं असणं दुखतं, आपण कुजताना कळतं, आणि मेंदू खाल्ला की ते दुखणं थांबतं. झोंबीची बाजू त्याच्याच तोंडून ऐकवणारं असं दृश्य निखळ म्हणवणाऱ्या भयपटांत मला सापडलेलं नाही.

आणि फ्रँक. जेम्स कॅरनने केलेला, सगळ्यात जास्त किंचाळणारा, सगळ्यात जास्त हसवणारा. वायूमुळे तो हळूहळू मरतो आहे, नाडी थांबलेली आहे आणि तो बोलतो आहे. आपण काय होणार हे कळल्यावर तो स्वतःहून दहनभट्टीकडे जातो. बोटातली लग्नाची अंगठी काढतो, तिचं चुंबन घेतो, खटक्याला अडकवतो आणि आत शिरतो. दीड तास ज्याच्यावर हसलो त्याने असं जावं, याला टवाळी म्हणायचं असेल तर गांभीर्य कशाला म्हणायचं ते मला कुणीतरी सांगावं. सिनेमाचा शेवट लष्कर करतं, अख्ख्या शहरावर अण्वस्त्र टाकून. ते पिंपही लष्कराचं आणि हा उपायही लष्कराचाच.

क्युबाच्या 'हुआन ऑफ द डेड'चं (२०११) नाव इथे घेतलं पाहिजे. अलेहांद्रो ब्रुगेसच्या या सिनेमात हवाना झोंबींनी भरलेलं असताना सरकारी दूरचित्रवाणी सांगते की हे अमेरिकेने पैसे चारलेले विरोधक आहेत. हुआन नावाचा बेकार माणूस धंदा काढतो: तुमच्या झोंबी झालेल्या आप्तांना आम्ही ठार करून देऊ. जिथे सरकारवर उघड बोट ठेवणं महाग पडतं तिथे हे हसू किती काम करतं, ते वेगळं सांगायला नको.

राहिला परकेपणाचा मुद्दा. 'आपण प्रेतं जाळतो, मग इथे झोंबी उठणार कुठून' हा युक्तिवाद फार हुशारीचा समजला जातो. त्यात दोन चुका आहेत. एक तर महाराष्ट्रात आणि गोव्यात मुसलमान आणि ख्रिस्ती तर मृतांना पुरतातच, लिंगायत आणि गोसावीही पुरतात. दुसरं, आजचा झोंबी थडग्यातून येतच नाही, चावा लागून फैलावतो, त्याला स्मशान लागत नाही, गर्दी लागते. गर्दी आपल्याकडे कमी आहे असं कुणी म्हणणार नाही.

आणि प्रेताशी विनोदाचं नातं आपल्याला नवं आहे? 'चांदोबा' वाचत मोठ्या झालेल्यांना स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघालेला विक्रम राजा आठवेल. त्या प्रेतातला वेताळ गोष्टी सांगतो, कोडी घालतो, राजाला बोलतं करतो आणि पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. खांद्यावरचं मढं तुमच्यापेक्षा हजरजबाबी आहे, ही कल्पना आपली आहे. गोव्यात आमोणे आणि लोलये इथे बेताळाची पूजा होते, पुण्यातली टेकडी वेताळाच्या नावाची आहे. कोकणात काळ्या वेषातला, लांब लाल जिभेचा संकासुर आला की पोरं आईच्या मागे लपतात आणि तिथूनच डोकं काढून हसतात. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने (१९९३) मूळ कल्पना हॉलिवूडच्या बाहुल्यावरून घेतली हे खरं, पण रामदास पाध्ये यांच्या तात्या विंचूला घाबरून जी मुलं रात्री दिवा लावून झोपली, तीच मुलं दिवसा लक्ष्याच्या विनोदांवर हसत होती. त्यांना कुणी रसविरोध समजावला नव्हता.

आपल्याकडच्या दोन झोंबीपटांविषयी माझं मत सरळ आहे. राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. यांच्या 'गो गोवा गॉन'मध्ये (२०१३) गोव्याजवळच्या बेटावरच्या पार्टीत रशियन टोळीच्या अमली गोळीने लोक झोंबी होतात. समोर काय आहे हे ओळखताना पात्रांचा उडणारा गोंधळ, आपल्याकडे भूत असतं, प्रेत असतं, मग हे कोण, ही चर्चा उत्तम आहे. परकेपणाचा आक्षेप त्यांनी सिनेमातच घेतला आणि विनोदात फिरवला. नंतर बंदुका सुरू होतात आणि सिनेमा दमतो, कारण गोळ्या खाणाऱ्यांपैकी कुणालाही आपण ओळखत नाही. आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' (२६ जानेवारी २०२२) जास्त जवळचा. डोंबिवलीतला नवा टॉवर, त्यात राहायला आलेला अमेय वाघचा सुधीर आणि वैदेही परशुरामीची सीमा, शेजारची वस्ती आणि तिथला ललित प्रभाकरचा विश्वास. गोष्टीच्या मुळाशी पाणी आहे. ज्या परिसरात पाण्याचे हंडे आणि टँकर हा रोजचा विषय आहे तिथे हे भय उसनं म्हणता येत नाही. उत्तरार्ध मला विस्कळीत वाटला, काही विनोद ओढलेले आहेत. पण टॉवर आणि वस्ती यांच्यामधली भिंत झोंबीमुळे पहिल्यांदा दोन्ही बाजूंना एकसारखी दिसते, ही जाण मोलाची आहे, आणि तिची चर्चा फारशी झाली नाही याचं मला वाईट वाटतं.

विरोधकांचं एक म्हणणं मी मान्य करतो. जिथे झोंबी नुसतं नेमबाजीचं लक्ष्य होतो तिथे हसू पोकळ असतं. 'झोंबीलँड'मध्ये (२००९) आठवड्यातला सर्वोत्तम वध अशी गंमत आहे, एका झोंबीवर वरून पियानो पाडला जातो. मला ती गंमत लवकर शिळी झाली. पण त्याही सिनेमात वुडी हॅरेलसनचा टॅलाहासी आपल्या मेलेल्या कुत्र्याच्या पिल्लाविषयी बोलत असतो, आणि मग कळतं की ते पिल्लू नव्हतं, त्याचा लहान मुलगा होता. सिनेमा त्या एका उलगड्यावर उभा आहे, पियानोवर नाही.

शेवटचा आक्षेप सोपेपणाचा. असे सिनेमे कुणीही काढतो म्हणे. शिनइचिरो उएदाचा 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) सुमारे ३० लाख येनमध्ये, अनोळखी नटांना घेऊन झाला. पहिली ३७ मिनिटं एकाच न तुटणाऱ्या चित्रणात एक भिकार झोंबीपट दिसतो. संवाद मध्येच थांबतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो, नट विनाकारण गप्पा मारतात. काही प्रेक्षक इथेच उठून जातात, आणि त्यांचं फार मोठं नुकसान होतं. कारण मग गोष्ट महिनाभर मागे जाते आणि त्या प्रत्येक चुकीमागे काय चाललं होतं ते दिसतं. स्वस्तात आणि वेळेत काम उरकून देणारा एक दिग्दर्शक, त्याची एके काळी नटी असलेली बायको, बापाला कमी लेखणारी मुलगी, दारू पिऊन पडलेला नट, आणि थेट प्रक्षेपण थांबवता येत नाही ही अट. शेवटच्या उंचावरच्या दृश्यासाठी लागणारं यंत्र मोडतं, आणि सगळे जण एकमेकांच्या पाठीवर चढून मनोरा रचतात, वर मुलगी कॅमेरा धरून. आपण पोट धरून हसत असतो आणि डोळे ओले झालेले असतात. ज्या चुकांवर पहिल्यांदा तुच्छतेने हसलो त्यांच्यामागे माणसं होती, हे कळल्यावरचं ते हसू वेगळं आहे. टोकियोतल्या दोन छोट्या चित्रपटगृहांत लागलेल्या या सिनेमाने पुढे ३०० कोटी येनहून जास्त कमाई केली. लोकांना काहीही चालतं म्हणून हे झालं, असं मानायला मी तयार नाही.

परीक्षण लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. यापुढे मराठीत झोंबीचा विनोदपट आला की 'डोकं बाजूला ठेवा' हे वाक्य लिहू नका. विनोद फसला असेल तर कुठे फसला ते लिहा, कोणाच्या जिवावर हसवलं ते लिहा, मेलेल्या माणसांपैकी एकाचं तरी नाव दुसऱ्या दिवशी तुम्हाला आठवलं का ते लिहा. आणि वाचकांना सांगणं इतकंच: 'शॉन', 'रिटर्न' आणि 'वन कट' हे तीन सिनेमे मिळवा आणि शेवटपर्यंत पाहा. त्यानंतरही विनोदाने भय मरतं असं तुमचं मत राहिलं, तर ते मला जरूर लिहून कळवा. मी पुन्हा वाद घालायला तयार आहे.